सीनाकाठची मुलगी

मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोपरगाव मागे पडले, की थोड्याच वेळात पुणतांबे हे स्थानक येते. गाव गोदावरीच्या तीरावर वसलेले आहे. योगी चांगदेवांची समाधी येथे असल्यामुळे भाविकांचा राबता असतो. गावातून नदीकडे उतरणारे अनेक घाट आहेत. त्यांपैकी एक जुना घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला आहे. अहिल्याबाईंची राजधानी येथून कितीतरी दूर, सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या काठी महेश्वर येथे होती. त्यांचे राज्य माळव्यात होते. तरी गोदावरीच्या काठी राहणाऱ्या माणसांना नदीवर सुखाने उतरता यावे, याची काळजी त्यांनी तेथून वाहिली. अशी कामे त्यांनी साऱ्या हिंदुस्थानात केली हे खरे. परंतु या प्रांताशी त्यांचे नाते निराळे होते. पुणतांबे ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड तालुक्यात, त्यांचे माहेर होते. त्या जिल्ह्याला आज त्यांचेच नाव दिलेले आहे.

त्या माहेरचे नाव चोंडी. सीना नदीच्या काठचे हे लहानसे खेडे. येथे पाऊस बेताचा पडतो आणि पावसाळा सरला, की सीनेचे पात्रही हळूहळू कोरडे पडू लागते. ज्वारी आणि बाजरी ही येथील पिके. मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर मंडळी माळरानांवरून हिंडत असत. या गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव अहिल्या ठेवण्यात आले. त्या काळी मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविण्याची रीत नव्हती. माणकोजींनी मात्र आपल्या मुलीला अक्षरओळख करून दिली. पुढे या एका गोष्टीचा केवढा उपयोग व्हावयाचा होता, याची कल्पना त्या वेळी कोणालाही असणे शक्य नव्हते.

बाजीराव पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर एकदा फौजेसह चोंडीजवळ मुक्कामाला उतरले असता, देवळात आलेली ही धीट आणि शांत मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली आणि तिला सून करून घेण्याचे त्यांनी ठरविले, असे सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्येचा विवाह झाला. खंडेराव दहा वर्षांचे होते, अहिल्या आठ वर्षांची.

आठ वर्षांची मुलगी म्हणजे आजच्या तिसरीतील विद्यार्थिनी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर सासरी जावयाचे, हे तिला ठाऊक होते. परंतु बहुतेक मुलींचे सासर चार-सहा कोसांवर असे. सणाला माहेरची बैलगाडी येई, जत्रेत आईची भेट होई, आणि सासरची भाषा व चालीरीती माहेरच्यासारख्याच असत. अहिल्येचे सासर तसे नव्हते. दख्खनेतून माळव्यात जाणारी वाट प्रथम गोदावरी ओलांडते. मग खानदेशाचा उन्हाळी मुलूख लागतो आणि तापी लागते. तापीपलीकडे सातपुड्याचे अरण्य. ते संपले, की नर्मदेचे विशाल पात्र पसरलेले दिसते. नावेने पलीकडे गेल्यावर विंध्याद्रीचा घाट चढावा लागतो, आणि तो चढून गेल्यावर माळव्याचे पठार येते. बैलगाड्यांनी आणि मेण्यांनी हा प्रवास करावयास कित्येक दिवस लागत.

या वाटेवर नद्यांचे एक नवल आहे. सीना, भीमा, गोदावरी या आपल्या नद्या सह्याद्रीच्या बाजूने निघून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या काठी वाढलेल्या मुलाला नदी म्हणजे सूर्य उगवतो त्या दिशेला जाणारे पाणी, असेच वाटते. तापी आणि नर्मदा यांचे पाणी मात्र सूर्य मावळतो तिकडे जाते.

माळव्यात पोहोचल्यावर अशी उलटी वाहणारी आणखीही पुष्कळ गोष्टी होत्या. इंदूर हा तेव्हा खान नदीच्या काठचा एक लहान कसबा होता. भोवती सपाट, काळीभोर, ओल धरून ठेवणारी जमीन पसरलेली. गव्हाची आणि अफूची शेते डोलत असत. चोंडीला ताटात भाकरी पडे. येथे गव्हाच्या पिठाचे गोळे निखाऱ्यांवर भाजून तुपात बुडवीत आणि वरणाबरोबर खात. उन्हाळ्याच्या दिवसांतही माळव्याची रात्र थंड असते. तेथील कुळवंत बायका घागरा नेसत आणि परपुरुष दिसताच ओढणीने तोंड झाकून घेत. मराठी बायका नऊ वारी लुगड्याचा कासोटा घालीत, डोक्यावर पदर घेत, पण तोंड उघडे ठेवीत. दोघींनाही एकमेकींचा वेष चमत्कारिक वाटे यात नवल नाही.

भाषेची तर फारच पंचाईत. शब्द मुळीच कळला नाही, तर माणूस निदान पुन्हा विचारतो; शब्द ओळखीचा आणि अर्थ निराळा असला म्हणजे मात्र तो फसतो. आजही हिंदी मुलखात नव्याने गेलेल्या मराठी मुलाला हा अनुभव येतो. तेथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आणि ‘जाडा’ म्हणजे थंडी. शाळेत शिक्षा चांगली मिळते, हे ऐकून तो मुलगा घाबरून गेला तर त्याला हसता येणार नाही. माळव्याची बोली माळवी. इंदुरातील बाजारात, शेतात आणि घरी राबणाऱ्या गड्यांच्या तोंडी तीच होती. होळकरांच्या वाड्यात मराठी बोलली जाई आणि कागदपत्र मोडी लिपीत लिहिले जात. परंतु वाड्याचा उंबरठा ओलांडला, की मराठी संपे.

सर्वांत मोठा घोटाळा पंचांगाचा होता. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. माळव्यात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा असतो, पण वद्य पक्ष आला, की आपल्याकडे चालू महिना पुढे चालतो आणि तिकडे नवा महिना लागतो. आपल्या घरी महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. माळव्यात तिला फाल्गुनातील म्हणतात. गोकुळाष्टमी आपल्या श्रावणात, त्यांच्या भाद्रपदात. दिवस तोच, चंद्र तोच, उपवासही तोच. महिन्याचे नाव तेवढे वेगळे. वर्षाच्या आकड्याचे तर विचारूच नये. अहिल्येच्या लग्नाच्या वर्षी महाराष्ट्रात शालिवाहन शक १६५५ चालू होता. माळव्यात विक्रम संवत १७९० लिहीत होते. नर्मदा ओलांडणाऱ्या माणसाचे वय बसल्या जागी एकशे पस्तीस वर्षांनी वाढावे, असा हा हिशेब होता!

या दोन पंचांगांचा मेळ माळव्यातील लोकांनी पुढे मोठ्या गोड रीतीने घातलेला दिसतो. उज्जैनला श्रावणातील सोमवारी महाकालाची पालखी नगरातून निघते. तिकडचा श्रावण संपला, तरी या पालख्या थांबत नाहीत. मराठी श्रावणाचे उरलेले सोमवारही धरले जातात. दोघांचाही श्रावण देवाने मान्य करावा, यापेक्षा सोपा तोडगा कोणता?

परक्या मुलखात माणसाला जेव्हा काहीच ओळखीचे सापडत नाही, तेव्हा एखादी लहानशी गोष्टही धीर देते. चैत्र शुद्ध तृतीयेला महाराष्ट्रात घरोघरी गौर झोपाळ्यात बसते. आंब्याची डाळ, पन्हे आणि हळदीकुंकू यांची गडबड उडते. त्याच दिवशी माळव्यात आणि निमाडात गणगौरीचा सण असतो. तेथील स्त्रिया गौरीच्या आणि ईश्वराच्या मूर्ती सजवितात, गाणी म्हणत त्यांना पाण्याकडे नेतात. गाणी निराळी, नैवेद्य निराळा, पण गौर तीच.

मात्र या प्रकरणाला दुसरीही एक बाजू आहे. माळवा अहिल्येला परका होता, तसेच माळव्याला होळकरही परके होते. मराठ्यांच्या घोडदळाच्या टापा तेथील शेतकऱ्यांनी अनेक वर्षे ऐकल्या होत्या. दक्षिणेकडून भालेकरी स्वार येतात, खंडणी घेतात आणि पिके तुडवून निघून जातात, एवढाच मराठी माणसांचा त्यांना परिचय होता. पुढे १७४१ साली दिल्लीच्या बादशहाने माळव्याचा कारभार पेशव्यांकडे रीतसर सोपविला. तरीही सनदेने मुलूख मिळतो, माणसे मिळत नाहीत. घाबरलेल्या रयतेला आपलेसे कोणी करावयाचे, हा प्रश्न उरलाच होता.

सुदैवाने अहिल्येला सासरे असे लाभले, की परके होणे म्हणजे काय हे त्यांनी स्वतः सोसले होते. मल्हारराव मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे. वडील लहानपणीच वारल्यामुळे आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्यास आपल्या भावाकडे गेली. मामाच्या घरी मेंढ्या राखीत ते वाढले, आणि तेथून स्वतःच्या पराक्रमाने सुभेदारीपर्यंत चढले. सासूबाई गौतमाबाई करारी व व्यवहारात दक्ष होत्या. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने खासगीची जहागीर करून दिली. तिचे उत्पन्न फौजेच्या खर्चापासून वेगळे ठेवावयाचे असे. ही खासगी सांभाळण्याचे शिक्षण अहिल्येला सासूच्या हाताखाली मिळाले. गावांची नावे, वसुलाचे आकडे, कोणत्या परगण्यात कोणते पीक येते, कोठे विहीर हवी आहे, हे सारे वहीतून वाचता वाचता माळवा तिच्या ओळखीचा होऊ लागला. ज्याचा हिशेब नीट ठेवावा लागतो, तो मुलूख फार काळ परका राहत नाही.

१७४५ साली अहिल्याबाईंना मालेराव हा मुलगा झाला आणि १७४८ साली मुक्ताबाई ही मुलगी. संसाराची घडी बसत होती, तोच १७५४ साली राजस्थानातील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मरण पावले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जावयास निघाल्या. मुलगा गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरला. आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर हे राज्य आणि ही प्रजा कोणाच्या भरवशावर सोडू, असे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून विनविले. अहिल्याबाई थांबल्या. शोक त्यांनी आवरला आणि पांढरे वस्त्र नेसून त्या कारभाराच्या कामाला लागल्या.

मल्हाररावांनीही आपला शब्द खरा केला. स्वतः मोहिमांवर असताना ते सुनेकडे जबाबदारीची कामे सोपवू लागले. १७६५ सालच्या एका पत्रात त्यांनी अहिल्याबाईंना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जाण्यास आणि तोफखान्याची व दारूगोळ्याची तजवीज करण्यास सांगितले आहे. सुनेला स्वयंपाकघराबाहेरचे काही विचारू नये, अशा त्या काळात एक सासरा आपल्या सुनेला तोफांविषयी लिहितो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी, १७६६ साली, मल्हारराव वारले. नातू मालेराव गादीवर बसले, परंतु वर्ष पुरते न होता तेही गेले. होळकरांच्या घरात आता कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा आणि कारभार आपण पाहावा, असा बेत मांडला. अहिल्याबाईंनी तो साफ नाकारला. तेव्हा दिवाणांनी पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांना गुप्तपणे निरोप धाडला. रघुनाथराव फौज घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी येऊन ठेपले.

अहिल्याबाईंची खरी कसोटी येथे लागली. चोंडीहून आलेल्या एका विधवेसाठी माळव्यात कोण उभे राहणार? त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले या सरदारांना पत्रे धाडली. पुण्याला माधवराव पेशव्यांना सर्व हकीकत कळविली. आपल्या फौजेला सज्ज राहण्यास सांगितले, आणि स्त्रियांचीही एक तुकडी उभी केली असे सांगतात. मग रघुनाथरावांना निरोप गेला, की बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती मिळणार नाही, आणि हरलात तर जगात तोंड दाखविता येणार नाही. रघुनाथरावांनी विचार केला आणि आपण तर मालेरावांच्या दुखवट्याला आलो होतो, असे उत्तर पाठविले! माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. रघुनाथरावांच्या आयुष्याची अखेर पुढे १७८३ साली झाली ती कोपरगावी, म्हणजे पुणतांब्यापासून काही थोड्या कोसांवर. एकाच नदीच्या काठावर एकाचा वाडा आणि दुसरीचा घाट अशा दोघांच्या खुणा राहिल्या आहेत.

फौजेचे काम अहिल्याबाईंनी तुकोजी होळकर या विश्वासू सरदाराकडे दिले. तुकोजी त्यांच्याहून वयाने मोठे असूनही त्यांना आई म्हणत. राज्याचा कारभार अहिल्याबाईंनी स्वतःकडे ठेवला आणि राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला नेली. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने पाहणार, या भावनेने त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे.

महेश्वरला रोज दरबार भरे. उत्तरेकडील राजघराण्यांतील स्त्रिया पडद्याआड राहत असताना अहिल्याबाई उघड्या दरबारात बसत आणि गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे स्वतःच्या कानांनी ऐकत. माळव्यात आल्या तरी आपल्याकडची ही मोकळी रीत त्यांनी सोडली नाही. तिकडच्या लोकांना प्रथम ते नवलाचे वाटले असेल. पुढे तेच त्यांच्या सोयीचे झाले. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहत होता. अहिल्याबाईंना पाहिलेली पुष्कळ माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडे चौकशी करून त्याने जी माहिती आपल्या ग्रंथात नोंदविली, तिच्यात अशी एक हकीकत आहे. इंदुरातील एक धनवान सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी जवळच होती. स्वार्थी माणसांच्या सांगण्यावरून त्यांना त्या संपत्तीत वाटा घेण्याची इच्छा झाली. सावकाराची विधवा तडक महेश्वरला धावली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, तिला मानाचे वस्त्र दिले, सारी मालमत्ता तिचीच असल्याचे ठरविले, आणि तुकोजींना आपली फौज इंदुरापासून दूर नेण्याचा हुकूम पाठविला. एका बाजूला आपल्या घराण्याचा मराठी सेनापती, दुसऱ्या बाजूला माळव्यातील एक निराधार बाई. अहिल्याबाईंना निकालाला वेळ लागला नाही.

डोंगरातील भिल्लांशीही त्या अशाच वागल्या. वाटसरूंना लुटतात म्हणून त्यांना आधी धाकात आणले. परंतु आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडीशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क होता, तो अहिल्याबाईंनी काढून घेतला नाही. या पट्टीला भिलकवडी म्हणत. ती घ्यावी आणि तिच्या बदल्यात वाटेची राखण करावी, पडीक जमीन करावी, असे ठरले. लुटारू होते तेच राखणदार झाले. कमाविसदारही त्या उगाच बदलीत नसत. इंदूरचा एक कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होता. अधिकारी सारखे बदलले, तर रयतेला दर वर्षी नव्या परक्याशी गाठ घालून घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले असावे.

महेश्वरला विणकर नव्हते असे नाही, परंतु त्यांचा धंदा खालावला होता. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणचे कुशल कारागीर बोलावून नर्मदाकाठी वसविले. घर सोडून आलेल्या माणसाला प्रथम काय लागते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. कारागिरांना राहावयास जागा आणि मालाला गिऱ्हाईक मिळाले. तेथील मागांवर मराठी बायकांसाठी नऊ वारी लुगडी निघू लागली. त्यांच्या काठांवर महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरील नक्षी विणली गेली. लुगडे दक्षिणेचे, नक्षी नर्मदेची आणि हात चोहोंकडचे. महेश्वरी म्हणून ते वस्त्र आज देशभर ओळखले जाते.

गावाकडची माणसेही महेश्वरला येत. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी एकदा त्यांच्या भेटीला गेले होते. संगमनेर हे याच जिल्ह्यातील. इतक्या दूरवर आपल्या मुलखाची बोली कानी पडल्यावर कोणाला आनंद होणार नाही? परंतु अहिल्याबाईंनी शाहिराचे कौतुक करून त्याला नुसते परत पाठविले नाही. एवढी वाणी लाभली असता ती तमाशाच्या फडात का खर्च करता, असे त्यांनी रोखठोक विचारले, आणि तेव्हापासून अनंत फंदी कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. माहेरच्या माणसाचेच कान असे धरता येतात.

अहिल्याबाईंच्या बांधकामांची यादी फार मोठी आहे. काशीचे विश्वनाथाचे देऊळ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर ही त्यांतील ठळक नावे. हा खर्च त्या खासगीच्या उत्पन्नातून करीत. परंतु मोठ्या देवळांपेक्षा त्यांच्या लहान कामांकडे पाहिले, म्हणजे त्यांचे मन अधिक कळते. यात्रेच्या वाटांवर त्यांनी धर्मशाळा आणि विहिरी बांधविल्या. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठी माणसे नेमली. महेश्वरच्या आसपास नांगर ओढणाऱ्या बैलांनाही शेतात थांबवून पाणी पाजीत. शेतकरी पिकावरून पाखरांना हाकलतात म्हणून त्यांनी काही शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली. दरसाल गंगेच्या पाण्याच्या कावडी दक्षिणेतील देवस्थानांकडे रवाना होत. गंगेचे ते पाणी खांद्यावर घेऊन नर्मदा, तापी आणि गोदावरी ओलांडणारी माणसे ज्या वाटेने जात, ती वाट आठ वर्षांच्या अहिल्येने उलट्या दिशेने चालून पुरी केली होती. पुणतांब्याचा घाट आणि चोंडीचे देऊळ हीही त्याच काळजीतून झालेली कामे.

म्हातारपणी त्यांच्या वाट्याला पुन्हा दुःख आले. मुलीचा मुलगा गेला. त्यामागोमाग १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी आपल्याला जसे विनविले, तसेच अहिल्याबाईंनी मुलीला विनविले. आपण राणी आहोत हे विसरून त्या तिच्यापुढे जमिनीवर पडल्या. मुक्ताबाईंचा निश्चय ढळला नाही. जी विनवणी एकदा फळली होती, ती या वेळी फळली नाही. नर्मदेच्या काठी ती चिता पाहून अहिल्याबाई तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, असे माल्कमने लिहिले आहे. नंतर त्या पुन्हा दरबारात येऊन बसल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरला त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे ती श्रावण वद्य चतुर्दशी होती. माळव्यातील लोक तिला भाद्रपद वद्य चतुर्दशी म्हणतात, आणि इंदुरात त्या दिवशी अहिल्याबाईंची पालखी निघते. महिन्यांची नावे अजूनही दोन आहेत. त्यांचे स्मरण मात्र चोंडीला आणि इंदूरला एकाच दिवशी येते.